काकांच्या रिकाम्या मोहरपेट्या

आमच्या पहिल्या अमेरिकन घरमालकांनी घरातल्या हीटरच्या थर्मोस्टॅटला मोहर लावली होती. मोहर म्हणजे खरोखरची मोहर. लाल मेणाची, वर अंगठीचा ठसा उठवलेली. बासष्ट फॅरनहाइटवर काटा आणायचा, त्यावर चिकटपट्टी लावायची, चिकटपट्टीवर मेण ओतायचं आणि मेणावर अंगठी दाबायची, असा तो विधी होता. शिवाय जाता-येता कुणाचं कोपर लागून मोहर दुखावू नये म्हणून तिच्यावर पितळेची एक गोल पेटी बसवलेली होती. पेटीच्या झाकणावर दोन डोक्यांचा गरुड. शिकागोच्या उपनगरात, नेपरव्हिलच्या थंडीत आम्ही नवराबायको घरातल्या घरात कानटोप्या घालून त्या गरुडाकडे बघत बसायचो. त्याला दोन डोकी असल्यामुळे तो दोघांकडेही एकाच वेळी बघायचा.

मी पुण्याचा. त्यामुळे या प्रकाराबद्दल मला मत होतं आणि ते स्पष्ट होतं. पण भाडेकरू असल्यामुळे ते मी फक्त शुभाला सांगितलं.

ती म्हणाली, "मग जा ना वर, सांग काकांना."

मी म्हणालो, "एवढी काही थंडी नाहीये."

हा २००१ चा हिवाळा. मला ज्या कंपनीने अमेरिकेत आणलं मी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं होतं की आपल्याला याची गरज नव्हती. दुसरी नोकरी लागली ती बेताची, आणि घर मिळालं ते काकांचं तळघर. काका मूळचे नागपूरचे. साठच्या दशकात पोलादाचं ट्रेनिंग घ्यायला सरकारने त्यांना रशियाला पाठवलं होतं. तिथून परत येऊन काही वर्षांनी ते अमेरिकेत आले आणि शिकागोजवळच्या एका डबे बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्यभर टिनच्या डब्यांची झाकणं डिझाइन करून निवृत्त झाले. "तुम्ही घरी मक्याचे दाणे खाता ना, राजे," ते मला म्हणायचे, "ते ज्यानं आत ठेवले तो मी." दाणे कुणी पिकवले, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं.

रशियातून येताना त्यांनी जुन्या बाजारातून एक पेटी आणली होती, सुपारी ठेवायला. त्या पेटीत झारची मोहर राहायची, हे त्यांना फार नंतर कळलं. कळलं त्या दिवशी त्यांनी सुपारी सोडली.

प्रकार असा होता. झार कुणाला जमीन द्यायचा, कुणाला सरदारकी द्यायचा. त्याचं मोठं थोरलं पत्र निघायचं. पत्राला रेशमी दोरी आणि दोरीला लोंबणारी मेणाची मोहर. मेण पडलं की टिचतं, उन्हात वितळतं, म्हणून मोहरेसाठी धातूची पेटी. पितळेची, टिनची, श्रीमंत सरदार असेल तर चांदीचा मुलामा दिलेली. पेटीच्या कडेला दोरी आत-बाहेर जायला दोन खाचा. पुढे झार गेला, सरदार गेले, पत्रं जळली, मोहरा फुटल्या, आणि पेट्या तेवढ्या उरल्या. काकांकडे अशा चाळीसेक पेट्या होत्या. थर्मोस्टॅटवरची सोडली तर सगळ्या रिकाम्या.

घरी पाहुणे आले की काका आधी सगळ्यांना हात धुवायला लावायचे. मग दाराची कडी घालायचे आणि मग पेट्या काढायचे. एखादा बिचारा पेटी हातात घेऊन उघडायचा आणि विचारायचा, "आत काय आहे, काका?"

"काही नाही."

"मग?"

या "मग"चं काकांना फार वाईट वाटायचं. "आत काय आहे हे सगळे विचारून राहिले. ती स्वतः किती टिकली हे एकानंही विचारलं नाही," असं ते काकूंना म्हणायचे. काकू तोवर चहा टाकायला आत गेलेल्या असायच्या. त्यांनी हा संवाद इतक्या वेळा ऐकला होता की स्वयंपाकघरातून त्या नुसत्या "हो नं" म्हणायच्या आणि ते बरोबर जागेवर पडायचं.

काकांचं एकच तत्त्व होतं: जे उघडं राहिलं ते गेलं. त्यामुळे पेट्यांनाही पिशव्या होत्या. पिशव्यांना प्लास्टिकचे डबे होते. डबे कपाटात, कपाटाला कुलूप. कुलपाची किल्ली हरवू नये म्हणून ती सगळ्यात मजबूत पेटीत ठेवलेली. एका शनिवारी काकांनी ही पेटीसुद्धा सवयीने कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. ते कुलूप नुसतं दाबलं की लागायचं.

मला वर बोलावणं आलं. मी इंजिनियर, म्हणून. मी कपाटाकडे पाहिलं, कपाटाने माझ्याकडे पाहिलं. मी दोनदा दार ओढून बघितलं आणि "बंद आहे" असं सांगितलं.

काका मात्र आनंदात होते. "बघा! याला म्हणतात सुरक्षित. मीही काढू शकत नाही."

शेवटी कुलपं उघडणारा माणूस आला, त्याने क्षणात कुलूप उघडलं, आणि काकांचा चेहरा पडला. त्या दिवसापासून त्यांनी त्या कुलूप कंपनीचं नाव घरात काढू दिलं नाही.

हे सगळं ऐकून तुम्हाला मजा वाटत असेल. आम्हालाही वाटायची. काकूंना वाटत नसे. एकदा शुभा वर करंज्या करायला गेली होती, तेव्हा सारण भरता भरता काकू बोलून गेल्या. त्यांची एकुलती एक मुलगी मीनल पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असायची, सॉफ्टवेअरमध्ये. ती नेपरव्हिलला शेवटची येऊन गेली त्याला तीन वर्षं झाली होती.

"मागच्या वेळी आली तर थंडीनं कुडकुडत होती पोरगी. रागानं तिनं ती मोहर फोडली आणि हीटर वाढवला. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती झोपून उठली तर मोहर पुन्हा लावलेली. तिनं बॅग भरली. म्हणाली, 'आई, इथे माझ्यापेक्षा डब्यांना जास्त जपतात.' फोन करते. पण येत नाही."

"काकांना सांगा ना," शुभा म्हणाली.

"त्यांना ठाऊक आहे. रोज तिच्या खोलीतली चादर बदलायला लावतात मला. पण तोंडानं 'ये' म्हणतील तर शपथ. तोंडालाही झाकण आहे त्यांच्या."

मग एके दिवशी मीनलचा फोन आला की ती लग्न करतेय. मुलाचं नाव ईथन, मूळचा मिनेसोटाचा, उंच, सोनेरी दाढीचा, तिच्याच ऑफिसमधला. लग्न बेलव्ह्यूला, छोटंसं, आपल्या पद्धतीने. "बाबा, तुम्हाला चालेल ना?" तिने विचारलं.

आता दुसरा कुणी बाप "हो" म्हणाला असता, किंवा "नाही" म्हणाला असता. काका म्हणाले, "लेखी कळवतो."

काकूंनी कपाळावर हात मारला.

पुढचे कित्येक आठवडे काका त्या लेखी उत्तराच्या मागे होते. जाड हातकागद आणला, शाई आणली. वर सोनेरी वेलबुट्टी, खाली काळ्या अक्षरात मराठी आणि इंग्रजी मजकूर. आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, हल्लीचा मुक्काम, असं सगळं भारदस्त लिहून झाल्यावर शेवटी एकच ओळ होती: 'सदर विवाहास आमची काहीएक हरकत नाही.' ज्या माणसाने नागपुरात राहून सरकारी नोकरी केली आहे त्याच्या लेखी ना-हरकत प्रमाणपत्राहून मोठा आशीर्वाद नसतो, हे मला तेव्हा पटलं. माझ्या सासऱ्यांनी मला तोंडी परवानगी दिली होती. ती त्यांनी पुढे वेळोवेळी तोंडीच मागे घेतली.

प्रश्न मोहरेचा होता. अंगठीचा ठसा एवढ्या कागदाला लहान पडत होता. काकांनी घरभर शोधाशोध केली आणि काकूंच्या माहेरचा पेढ्याचा पितळी साचा उचलला. मोठा साचा, मधे कमळ, भोवती नक्षी. मधमाशांचं मेण आणलं, त्यात थोडी राळ टाकली, रंगाला हळदीचं घरगुती कुंकू टाकलं आणि काकूंच्या बासुंदीच्या पातेल्यात ते सगळं वितळवलं. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मोहर मात्र सुरेख उठली. तांबूस, तुकतुकीत, वेलचीचा किंचित वास असलेली. कागदातून आलेली लाल दोरी तिच्यातून आरपार गेलेली. काकांनी आपल्याकडची सगळ्यात चांगली, चांदीचा मुलामा असलेली पेटी काढली आणि तिच्यात मोहर बसवली. रिकाम्या पेट्यांतली ही पहिली पेटी पुन्हा कामाला लागली होती. काका ती हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

"मोहर शाबूत पोचली पाहिजे, राजे," ते मला म्हणाले. "फुटली की कागद रद्द. ती तिच्या हातात शाबूत पडली, की मग मी बोलीन तिच्याशी."

"काय बोलाल?"

"ते तेव्हा बघू नं."

२००४ च्या उन्हाळ्यात आम्ही चौघं निघालो. विमानतळावर काकांना सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून काकूंनी आम्हाला बरोबर घेतलं होतं. आणि ते बरोबरच होतं, कारण त्या काळात विमानतळावर माणसाला बूट काढायला लावत होते, आणि काकांच्या हातात होता एक धातूचा गोल डबा, ज्याच्या दोन खाचांतून दोऱ्या बाहेर आल्या होत्या आणि आत मेणासारखं काहीतरी होतं.

यंत्रातून पेटी गेली आणि यंत्र थांबलं. आणखी दोन माणसं आली. आम्हाला बाजूला घेतलं. मी लगेच चेहऱ्यावर निरपराध भाव आणले. शुभा म्हणाली, "तो चेहरा करू नकोस, आपल्याला आत टाकतील."

अधिकारी बाई धिप्पाड आणि शांत होत्या. "सर, हे काय आहे?"

"पेटी," काका इंग्रजीत म्हणाले. "मोहरेच्या रक्षणासाठी."

"आणि मोहर कशासाठी?"

"कागदाच्या रक्षणासाठी."

"कागदावर काय आहे?"

"माझी हरकत नाही, असं आहे."

बाईंनी कागद उलगडला. पूर्ण वाचला. वडिलांचं नाव, मूळ गाव, हल्लीचा मुक्काम. मागच्या रांगेत लोक मोजे घालून उभे होते. "तुमची हरकत नाही," बाई म्हणाल्या, "कशाला?"

"माझ्या मुलीच्या लग्नाला."

बाईंनी एकदा काकांकडे, एकदा पेटीकडे पाहिलं. "माझ्या वडिलांची होती हरकत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी झाकण उघडून, कसलीशी कागदी पट्टी मोहरेच्या कडेवरून अलगद फिरवून, झाकण पुन्हा लावून दिलं. काकांनी खिशातून रुमाल काढून त्यांच्या बोटांचे ठसे पुसले. त्यांच्यासमोरच.

विमानात काकांनी पेटी मांडीवर घेतली होती. हवाईसुंदरीने ती सीटखाली ठेवायला सांगितली, तेव्हा त्यांनी ती ठेवली आणि तिला लाथ लागू नये म्हणून स्वतःचे पाय वर घेतले.

बेलव्ह्यूला मीनलने विमानतळावर बापाला वरवरची मिठी मारली. तिची नजर पेटीवर गेली. "बाबा, यू ब्रॉट अ बॉक्स. टू माय वेडिंग." काका काही बोलले नाहीत. मोहर अजून तिच्या हातात पडायची होती.

ईथन मात्र सोन्यासारखा मुलगा. त्याची तयारी मीनलने आणि फोनवरून शुभाने करून घेतली होती. बेलव्ह्यूलाच उरकलेल्या साखरपुड्याला त्याने प्रसाद हातात घेऊन "यात काय काय आहे?" असं विचारलं होतं आणि मीनलच्या एका मावशीने तोंड फिरवलं होतं. तेव्हापासून त्याला नियम घालून दिले होते. मोठ्यांना वाकायचं. काही दिलं तर उजव्या हाताने घ्यायचं. खाण्याचं असेल तर विचारायचं नाही, खायचं. पूर्ण खायचं. त्याच वर्षीच्या पाडव्याला काकूंनी पार्सलने साखरेच्या गाठी पाठवल्या होत्या, तर पठ्ठ्याने अख्खी माळ दोऱ्यावरून ओढून ओढून खाल्ली होती आणि फोन करून आभार मानले होते. काकू तेव्हापासून त्याच्या पक्षात होत्या.

लग्न एका छोट्या हॉलमध्ये झालं. भटजी मायक्रोसेकंदात मंत्र म्हणणारे होते, वेळेत आटोपलं. जेवणाआधी काका उठले. त्यांनी कागद उलगडून वाचला, मराठीत आणि मग इंग्रजीत. 'हरकत नाही' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग त्यांनी कागद मीनलच्या हातात दिला आणि दोरीला लोंबणारी पेटी ईथनच्या ओंजळीत ठेवली, कारण वजन होतं.

ईथन वाकला. काकांच्या पायाला हात लावला. उजव्या हाताने पेटी उघडली.

आत त्याला दिसला एक तांबूस पदार्थ. गोल. वर कमळ. वेलचीचा वास. मधून दोरा.

त्याने तो दोऱ्यावरून ओढून काढला आणि खाल्ला.

एका घासात नाही. मोठा होता. तो चावत होता, आणि चावत होता. मीनल किंचाळली, "ईथन! स्टॉप!" पण पूर्ण खायचं, हा नियमच होता. त्याने डोळे मिटून गिळलं, काकांकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "थँक यू, काका. इट्स व्हेरी... रिच."

शुभाने विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या बाईने विचारलं, रुग्णाने काय खाल्लं? शुभा म्हणाली, मधमाशांचं मेण, थोडी राळ, थोडी हळद. चुकून खाल्लं की मुद्दाम? "आदराने," शुभा म्हणाली. बाईने तो शब्द पुन्हा सांगायला लावला. मग बाईने सांगितलं की घाबरू नका, भरपूर पाणी पाजा, पोट दुखलं तर परत फोन करा.

तोवर काका खुर्चीवर बसले होते. हातात रिकामी पेटी. पुन्हा इतर पेट्यांसारखीच. मीनल त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिच्या हातातल्या कागदाला नुसती दोरी लोंबत होती. मोहर फुटली की कागद रद्द, हा नियम तिला लहानपणापासून पाठ होता.

"बाबा, ही डिडन्ट नो. प्लीज. काहीतरी बोला."

काकांनी पेटीत पाहिलं. झाकण लावलं. पुन्हा उघडून पाहिलं. मग ईथनला खुणेने जवळ बोलावलं.

"सगळी खाल्ली?"

"येस, सर."

"थुंकली नाही ना कुठं?"

"नो, सर!" ईथन दुखावला गेला.

काका उठले. "फुटली असती तर रद्द झाला असता," ते म्हणाले. "चोरीला गेली असती तरी रद्द. पण ही कुठं गेली? ही तर आहे." त्यांनी ईथनच्या पोटावर दोन बोटं टेकवली, पेटीच्या झाकणावर टेकवायचे तशी. "फक्त जागा बदलली. कागद चालू आहे."

हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण जेवण सुरू होणार हे कळलं होतं.

"मात्र," काका म्हणाले, आणि टाळ्या थांबल्या. त्यांनी मीनलच्या हातातून कागद काढून घेतला, गुंडाळला आणि बगलेत मारला. "मोहर एकीकडे आणि कागद दुसरीकडे, तर वर्षातून एकदा दोन्ही समोरासमोर आणावं लागतं. नाहीतर मुदत संपते. कागद नेपरव्हिलला राहील. मोहर घेऊन तू यायचं."

मीनल उठून उभी राहिली. "बाबा, हे तुम्ही आत्ता बनवलं."

"रशियन पद्धत आहे."

"कधीची?" काकूंनी मागून विचारलं.

"आजची," काका म्हणाले, आणि पाणी प्यायला निघून गेले.

डिसेंबरात ते दोघं आले. पुढच्या वर्षीही आले. आम्ही तोवर तळघरातून स्वतःच्या घरात गेलो होतो, पण त्या दिवशी आम्हाला बोलावणं असायचं, साक्षीदार म्हणून. दिवाणखान्यात भिंतीवर काचेच्या चौकटीत तो कागद, दोरी लोंबणारी. ईथन शेजारी जाऊन सरळ उभा राहायचा. काका चष्मा लावून आधी कागद बघायचे, मग त्याचं पोट. काकू आणि मीनल स्वयंपाकघरात हसू दाबत पुऱ्या लाटत असायच्या. आधी चार दिवसांसाठी आलेली मीनल पुढे आठवडा राहायला लागली, मग दोन.

२००८ साली आम्ही गेलो तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि काकांचे गुडघे दुखत होते. तरी ते उठून भिंतीपाशी गेले. तोवर ईथनचं मराठी बरंच सुधारलं होतं आणि पोटही जरा सुटलं होतं. काकांनी दोन बोटं टेकवून खात्री केली.

"काका," ईथनने विचारलं, "हरकत?"

"यंदा नाही," काका म्हणाले. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. या."